सावद्याचं परस, छिंगहाईचा विषाणू: जळगाव, मार्च २००६

१४ मार्च २००६, होळीचा दिवस. खानदेशात गावोगावी होळी रचायची धांदल सुरू होती आणि जळगाव जिल्ह्यातल्या चार गावांचं नाव बातम्यांत आलं: सावदा, मारूळ, हातेड, साळवे. या गावांतल्या कोंबड्यांत एच५एन१, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'बर्ड फ्लू', सापडला होता. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची साथ जाहीर होऊन तेव्हा चोवीस दिवस झाले होते.

नवापूर सगळ्यांच्या लक्षात आहे, कारण १८ फेब्रुवारी २००६ ला तिथेच भारतातली पहिली लागण जाहीर झाली. एकेका शेडमध्ये हजारोंनी पिंजऱ्यातले लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेले पक्षी, अंड्यांचे ट्रे, खाद्याचे ट्रक, टीव्हीवर पांढऱ्या पोशाखातली माणसं, असं ते दृश्य होतं. जळगावची चार गावं मात्र विस्मरणात गेली. तिथे शेड नव्हत्या. मेल्या त्या घरच्या गावरान कोंबड्या, कुणाच्या पाच, कुणाच्या पंधरा. माझ्या मते या रोगाचं बरंचसं कोडं नवापूरच्या शेडपेक्षा या परसांत दडलेलं आहे. म्हणून हे प्रकरण मी सावद्याच्या बाजूने मांडतो आहे.

परसात काय असतं

संध्याकाळी दिवेलागणीला एखादं खुराडं उघडून बघा. विटांच्या दोन थरांवर पत्रा, पुढे फळी, फळीला टेकवलेला दगड. आत दाटीवाटीने बसलेल्या तीन-चार वयांच्या कोंबड्या: दोन अंड्यावरच्या, एक म्हातारी, तलंगा, एक कोंबडा. कोपऱ्यातल्या टोपलीत भुशावर खुडूक बसलेली असते. तळाला रात्रीच्या विष्ठेचा थर असतो, तो आठ-पंधरा दिवसांनी राखेबरोबर उकिरड्यावर जातो. सकाळी फळी निघाली की सगळा कळप त्याच उकिरड्यावर पांगतो. शेजारणीच्या कोंबड्याही तिथेच येतात. पाणी फुटक्या मडक्याच्या खापरात, नाहीतर मोरीच्या सांडपाण्यात. त्याच खापरात चिमण्या-साळुंक्या चोच बुडवतात, कावळेही येतात.

या कळपाचा हिशेब घरातल्या बाईकडे असतो. अंडी विकून आलेले पैसे ती पदराच्या गाठीला ठेवते. वही-पेन, दवाखान्याचं भाडं, माहेरी जायचं तिकीट त्यातून निघतं. पाहुणा आला की कोंबडी कापली जाते, नवसाला कोंबडा लागतो. विकायची झाली तर आठवडी बाजार आहे, किंवा मोटारसायकलला डालगं बांधून दारोदार फिरणारा व्यापारी. तो एका गावात चार घेतो, दुसऱ्यात दोन विकतो, तिसऱ्यात उरलेल्या उतरवतो. पाय बांधलेल्या, उलट्या टांगलेल्या कोंबड्या असा दिवसभर प्रवास करतात आणि संध्याकाळी कुणाच्या तरी खुराड्यात जातात. नव्या कोंबडीला आठ दिवस वेगळं ठेवायला बहुतेक घरात दुसरं खुराडंच नसतं.

आणखी एक गोष्ट, जी पशुवैद्यकाला पहिल्या वर्षीच कळते. परसातल्या कोंबड्या दरसाल मरतातच. थंडी सरून ऊन चढू लागलं की मर लागते. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते, चार-आठ दिवसांत गल्ली रिकामी होते. लोक तिला मानमोडी म्हणतात, आमच्या भाषेत राणीखेत. लस अगदी स्वस्त आहे, पण ती शंभर मात्रांच्या बाटलीत येते आणि फोडली की लवकर संपवावी लागते, त्यामुळे आठ कोंबड्यांच्या घरी पोहोचत नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी मेली तर कुणी दचकत नाही. ती पूर्ण मरायच्या आधी कापून चुलीवर जाते, आणि मेलेली सापडली तर उकिरड्यावर किंवा नाल्यात.

बर्ड फ्लूची लक्षणं वेगळी असतात. तुरा आणि चोचीखालचे लोंबते गलोल जांभळे पडतात, डोकं सुजतं, पायाच्या नळीवर रक्ताचे ठिपके दिसतात. पण पुष्कळदा यातलं काहीच दिसायला वेळ मिळत नाही. रात्री धडधाकट असलेली कोंबडी सकाळी खुराड्यात ताठ झालेली असते. नवापूरमध्येसुद्धा मर आधी सुरू झाली आणि सुरुवातीला ती राणीखेतच मानली गेली. शिकलेल्या, रोज नोंदी ठेवणाऱ्या फार्मवर जर हे झालं, तर परसातल्या बाईला दोष देण्यात काय अर्थ आहे?

नावात गोत्र

त्या काळी देशात या रोगाचं निदान एकाच ठिकाणी व्हायचं: भोपाळची उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळा. गावातून निघालेला नमुना, म्हणजे मेलेल्या पक्ष्याचे अवयव किंवा घशातला आणि गुदद्वारातला स्वॅब, बर्फात भरून तिथे जायचा. तिथे नऊ ते अकरा दिवसांच्या गर्भ असलेल्या अंड्यात तो टोचतात, विषाणू वाढला का पाहतात, मग एच५ आहे का याची जनुकीय चाचणी होते. विषाणू किती मारक आहे हे ठरवायला सहा आठवड्यांच्या निरोगी कोंबड्यांना तो शिरेतून देतात. दहा दिवसांच्या निरीक्षणातून निघणारा निर्देशांक १.२ च्या वर गेला की विषाणू अतिमारक ठरतो. एच५एन१ च्या या वंशात हा आकडा ३ या कमाल मर्यादेच्या आसपास जातो.

या साथीतल्या दोन विषाणूंची नावं अशी: ए/चिकन/नवापूर/७९७२/२००६ आणि ए/चिकन/जळगाव/८८२४/२००६. आधी प्रकार, मग तो कोणत्या प्राण्यातून निघाला ते, मग जागा, प्रयोगशाळेचा क्रमांक आणि साल. जगभरच्या जनुकीय संग्रहात खानदेशातली ही दोन गावं अशी कायमची नोंदली गेली आहेत.

त्यांचं गोत्र निघतं चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, १९९६ साली एका पाळीव हंसात सापडलेल्या विषाणूपर्यंत. पुढच्याच वर्षी त्याच्या नात्यातल्या विषाणूने हाँगकाँगमध्ये १८ माणसांना गाठलं, त्यातली ६ दगावली, आणि तिथल्या साऱ्या कोंबड्या मारल्या गेल्या. मग हा वंश आग्नेय आशियात फोफावला, त्याला शाखा फुटल्या. त्यातली एक शाखा एप्रिल-मे २००५ मध्ये चीनच्या छिंगहाई सरोवरावर प्रकटली. तिथे सहा हजारांहून अधिक जंगली पक्षी मेले आणि मेलेल्यांत पट्टकादंब हे रानहंस सर्वाधिक होते. तोवर अतिमारक विषाणू पाळीव पक्ष्यांचाच मानला जायचा. जंगली पाणपक्षी त्याचे वाहकही असू शकतात हे छिंगहाईने दाखवलं. त्या उन्हाळ्यात तो कझाकस्तान आणि सैबेरियात, ऑक्टोबरात तुर्कस्तान आणि रुमानियात, फेब्रुवारी २००६ मध्ये नायजेरियात, युरोपातल्या हंसांत आणि त्याच महिन्यात नवापुरात होता. या कुळाला २.२ हा क्रमांक आहे. भोपाळच्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या विषाणूंची तुलना केली तेव्हा त्यांचे सर्वात जवळचे नातलग निघाले ते इटली आणि इराणमधल्या हंसांत त्याच वर्षी सापडलेले विषाणू.

या कुळाच्या अंगावरच्या खुणा पाहू. विषाणूच्या पृष्ठभागावरचं एच प्रथिन पेशीत शिरण्याआधी एका जागी कापलं जावं लागतं. साध्या, सौम्य विषाणूत त्या जागी एकच अल्कधर्मी अमिनो आम्ल असतं, आणि ते कापणारी विकरं फक्त श्वासनलिकेत आणि आतड्यात असतात. म्हणून रोग तिथेच राहतो. छिंगहाई कुळात त्या जागी तीन आर्जिनिन, दोन लायसिन आणि पुन्हा एक आर्जिनिन अशी सहा सलग आहेत. ती कापणारं फ्युरिन हे विकर जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं, म्हणून विषाणू मेंदू, हृदय, यकृत सगळीकडे पोहोचतो. रात्रीतून ताठ झालेल्या कोंबडीचं उत्तर या सहा अमिनो आम्लांत आहे.

दुसरी खूण एन प्रथिनावर आहे. त्याच्या देठातून वीस अमिनो आम्लं गळालेली आहेत. आखूड देठ ही कोंबडीवर्गीय पक्ष्यांत रुळल्याची निशाणी मानतात. म्हणजे हा विषाणू जंगली पक्ष्यांनी वाहिला असला तरी घडला तो पाळलेल्या पक्ष्यांमध्येच. तिसरी खूण काळजीची आहे. पीबी२ या प्रथिनात ६२७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आलेलं आहे. पक्ष्याच्या आतड्यात ४१ अंशांच्या आसपास तापमान असतं, माणसाच्या नाकात ३३. त्या एका बदलाने विषाणूला सस्तन प्राण्याच्या थंड श्वासमार्गात प्रत काढणं सोपं जातं. माणसाच्या पेशीला घट्ट चिकटण्याची किल्ली मात्र या विषाणूकडे नव्हती. ती पक्ष्यांच्याच कुलपाची राहिली.

नवापूर ते सावदा: कुणी आणला?

नवापूरपासून सावदा दोनशे किलोमीटरहून दूर आहे. कोंबडी स्वतः एवढं चालत नाही. तेव्हाही तीन संशयित पुढे आले आणि आजही प्रत्येक साथीत तेच तीन येतात: स्थलांतर करणारा पक्षी, व्यापार, आणि माणूस.

पक्ष्याच्या बाजूने बोलण्यासारखं काही आहे. सावद्यापासून फार लांब नसलेल्या हतनूर धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात उत्तरेकडचे पाणपक्षी उतरतात. पट्टकादंब महाराष्ट्राच्या जलाशयांवर दरवर्षी येतात आणि उन्हाळा लागताच हिमालय ओलांडून परततात. पण हंस-बदकं उकिरड्यावर उतरत नाहीत. पाणवठ्यापासून परसापर्यंतचा शेवटचा टप्पा कावळा, पाणवठ्यावर चरायला गेलेली कोंबडी किंवा कुणाची तरी चिखलाची चप्पल पार करते. शिवाय एका आठवड्यात चार वेगवेगळ्या गावांच्या परसांत लागण दिसावी, हे फक्त पक्ष्यांवर ढकलणं मला पटत नाही.

आता नकाशा पाहा. नवापूर सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे आणि सुरत-धुळे महामार्गावरही. त्याचं रेल्वे स्थानक निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत. लगतचं उच्छल गुजरातेत, आणि तिथेही लागण निघाली. हातेड चोपडा तालुक्यातलं, मारूळ यावल तालुक्यातलं, सावदा रावेर तालुक्यातलं. चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर हा सातपुड्याच्या पायथ्याने जाणारा एकच रस्ता आहे, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर. मार्च संपता संपता पुढची लागण कुठे निघाली? त्याच रस्त्यावर, राज्याची हद्द ओलांडताच, मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात इच्छापूरला. केळीचे ट्रक, अंड्यांचे ट्रे, अंडी कमी झाली म्हणून फार्मवरून विकायला काढलेल्या कोंबड्या, लग्नसराईचे पाहुणे, सगळे याच रस्त्याने जातात. त्यात ते होळीचे दिवस. सातपुड्यात होळीआधीचा आठवडा भोंगऱ्या बाजाराचा असतो, अख्खा डोंगर बाजारात उतरतो.

आणि नवापूरची साथ जाहीर होताच काय झालं असेल ते कोंबड्यांचा धंदा जाणणाऱ्याला सांगावं लागत नाही. भाव कोसळले. भाव कोसळले की माल कमी दराने दूर विकला जातो. रोगाची बातमी पोहोचण्याआधी स्वस्त कोंबडी पोहोचते. माझा कौल म्हणूनच रस्त्याच्या बाजूने आहे.

विषाणूची जनुकं हा वाद सोडवू शकत नाहीत का? इथे थोडा हिशेब करावा लागेल. या विषाणूचा वारसा आठ तुकड्यांत आहे, मिळून सुमारे साडेतेरा हजार अक्षरं. प्रत काढताना तो चुका करतो आणि चुका तपासणारी यंत्रणा त्याच्याकडे नाही. एच जनुक सुमारे सतराशे अक्षरांचं आहे आणि वर्षाला दर हजार अक्षरांमागे चार-पाच बदल या वेगाने ते बदलतं. म्हणजे वर्षभरात सात-आठ बदल, आणि चोवीस दिवसांत अर्धा. नवापूर आणि जळगाव यांच्यामध्ये कोण आधी, कोण नंतर हे फक्त एच जनुक वाचून ठरत नाही, घड्याळाचा काटाच तेवढा बारीक नाही. आठही तुकडे वाचले तर त्या अवधीत दोन-तीन बदल हाती लागतात. मग साखळी जोडता येते, पण त्यासाठी प्रत्येक गावातून, शक्य तर प्रत्येक गल्लीतून नमुना हवा. आणि गल्लीतली कोंबडी तर चुलीवर गेलेली असते!

शेडमध्ये पाच हजार पक्षी मेले की मालक धावत येतो, पंचनामा होतो, नमुने निघतात. परसात सात मेल्या की काहीच होत नाही. वंशवृक्ष काढणाऱ्या शास्त्रज्ञाला मग एका फांदीपासून दुसरीपर्यंत नुसती लांब रेघ दिसते. त्या रेघेत किती गावं, किती बाजार, किती डालगी असतील, ते कळायला मार्ग राहत नाही.

विषाणू परसात टिकतो का?

परस म्हणजे रोगाचं माहेरघर, अशी एक समजूत शहरात आहे. साथ आली की 'गावठी कोंबड्या बंद करा' असं म्हणणारे निघतातच. मला ती समजूत चुकीची वाटते, आणि जळगावचं प्रकरण तिच्या विरुद्ध साक्ष देतं.

आठ कोंबड्यांच्या घरी विषाणू शिरला तर दोन ते चार दिवसांत कळप संपतो. कोंबडी जितकी लवकर मरते तितका विषाणूला पुढे जायला वेळ कमी. शेजारी दहा घरांना लागण झाली तरी गल्ली संपली की त्याची वाट बंद. खानदेशाचा मार्च महिना तापलेला असतो, उघड्यावरची विष्ठा उन्हात वाळते आणि विषाणू मरतो. सावलीतल्या ओल्या जागी तो जास्त दिवस तग धरतो हे खरं, पण तेवढ्यावर वर्ष निघत नाही. सौम्य विषाणूचं अतिमारकात रूपांतर झाल्याची जी ठळक उदाहरणं आहेत, पेनसिल्व्हेनिया १९८३, मेक्सिको १९९४-९५, इटली १९९९, नेदरलँड्स २००३, त्यांत विषाणू दाट व्यावसायिक कळपांतून फिरला होता. एकाच वयाचे, एकाच वाणाचे हजारो पक्षी एका छताखाली असले की मारक विषाणूला पुढचं शरीर हातभर अंतरावर मिळतं. परसात ते मिळत नाही.

म्हणून जळगावात विषाणू मुरला नाही. लागण सापडलेल्या जागेभोवती ३ किलोमीटरमधले सगळे पाळीव पक्षी मारले, १० किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवली, एप्रिलपर्यंत तीन राज्यांत मिळून सुमारे दहा लाख पक्षी नष्ट झाले आणि ऑगस्ट २००६ मध्ये भारताने स्वतःला रोगमुक्त जाहीर केलं. पुढच्या वर्षी जुलैत मणिपूरमध्ये इंफाळजवळ चिंगमेइरोंगला एका लहानशा फार्मवर एच५एन१ निघाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्याची जनुकं वाचली. कूळ २.२ च, पण घराणं वेगळं, नवापूर-जळगावच्या वंशातलं नव्हे. खानदेशातला विषाणू कुठेतरी दबा धरून बसला आणि वर्षाने मणिपुरात उठला, असं झालं नव्हतं. तो बाहेरून नव्याने आला होता.

बंगालची गोष्ट याच्या उलट आहे, आणि तिच्याशिवाय जळगाव पुरतं कळत नाही. जानेवारी २००८ मध्ये बीरभूम जिल्ह्यातल्या मारग्राम भागात परसातल्या कोंबड्या मरू लागल्या. बघता बघता राज्याचे बहुतेक जिल्हे व्यापले आणि चाळीस लाखांहून अधिक पक्षी मारावे लागले. पक्षी बहुतांश परसातलेच. मग तिथे तो का पसरला? तिथे दारापुढे पुकुर, म्हणजे तळं आहे, पुकुरात बदकं आहेत, भातखाचरात चरायला सोडलेली बदकं आहेत. एच५एन१ चे कित्येक वाण बदकाला मारत नाहीत. बदक चालतं-फिरतं राहून दिवसेंदिवस विषाणू पाण्यात सोडतं. कोंबडी संपली तरी विषाणूला घर उरतं. त्यात शेजारच्या बांगलादेशात मार्च २००७ पासून साथ चालूच होती, आणि बंगालचे विषाणू तिथल्या विषाणूंचे सख्खे नातलग निघाले. एकट्या मालदा जिल्ह्यात विषाणू एकाहून अधिक वेळा बाहेरून शिरला होता, असं भोपाळच्या शास्त्रज्ञांनी जनुकांवरून दाखवलं. बाहेरून एकदाच ठिणगी पडली आणि तीच गावभर पसरली, असं वरून दिसत होतं. जनुकांनी अनेक ठिणग्या मोजून दाखवल्या.

'परसातलं कुक्कुटपालन' हा एकच शब्द आपण दोन्हीकडे वापरतो, पण विषाणूसाठी सावदा आणि मारग्राम ही दोन वेगळी जगं आहेत. सावद्याला कोरडा उकिरडा आणि रस्ता, मारग्रामला पाणी, बदक आणि सरहद्द.

चाळीस रुपये

कलिंगचं, म्हणजे साथ रोखायला पक्षी मारणारं पथक परसात येतं तेव्हा काय होतं, हे अहवालांत एका ओळीत आटोपतं. शेडमध्ये मालक एक असतो, पक्षी पिंजऱ्यात असतात. परसात कोंबडी पकडावी लागते. भरदुपारी ती सापडत नाही, झाडावर चढते, कुडाखाली शिरते. म्हणून पथक रात्री किंवा पहाटे येतं. मुखपट्टी, चष्मा, हातमोजे घातलेली अनोळखी माणसं खुराड्याची फळी काढतात. आतल्या कोंबड्या धडधाकट असतात, आणि नेमकं हेच त्या घरातल्या बाईला समजत नाही. मेलेल्या तर शेजारी होत्या, मग माझ्या का? खुडूकखालची अंडीसुद्धा नेतात. खड्डा, चुना, माती.

नुकसानभरपाई होती. २००६ मध्ये मोठ्या लेयर पक्ष्याला ४० रुपये या दराने ती मिळाली. अंड्यावर आलेल्या गावरान तलंगेला आठवडी बाजारात याहून बराच जास्त भाव होता, नवसाच्या कोंबड्याचा तर विचारूच नका. नंतर दर वाढले, मोठ्या लेयरला ९० रुपये झाले. पण भरपाई मारलेल्या पक्ष्याची मिळते, रोगाने आधीच मेलेल्याची नाही. ज्या बाईच्या आठपैकी सहा मेल्या आणि मग तिने कळवलं, तिला दोनांचे पैसे. तिने कळवलं म्हणून गल्लीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या गेल्या, हा ठपका वर. अशा वेळी उरलेल्या दोन कोंबड्या टोपलीत घालून ती बहिणीच्या गावी पाठवत असेल, तर तिच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. बंगालात लोकांनी पक्षी लपवले, रातोरात हलवले. प्रत्येक लपवलेली टोपली विषाणूला नवं गाव देते, आणि वंशवृक्षातली आणखी एक रेघ लांबवते. भरपाईची तरतूद करताना मेलेल्या पक्ष्याचे पैसे वेळेत कळवणाऱ्याला द्यावेत, असं माझं ठाम म्हणणं आहे. त्या सहा मेलेल्या कोंबड्यांमध्येच नमुना असतो.

माणसांचं काय झालं, हा प्रश्न साहजिक येतो. नवापूर-जळगाव भागात घरोघर तापाची पाहणी झाली, कलिंग करणाऱ्यांना ऑसेल्टामिव्हिर या फ्लूवरच्या औषधाच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि संशयितांचे नमुने तपासले. एकही माणूस बाधित निघाला नाही. इतक्या घरांत इतक्या हातांनी आजारी कोंबड्या सोलल्या असताना हे व्हावं, यावरून ती किल्ली पक्ष्यांच्याच कुलपाची होती हे दिसतं. भारतात एच५एन१ ने पहिला मृत्यू नोंदला गेला तो जुलै २०२१ मध्ये, हरियाणातल्या ११ वर्षांच्या मुलाचा. आणि २०१९ मध्ये सातपुड्याच्याच दुसऱ्या टोकाला, मेळघाटातल्या कोरकू वस्तीत, १७ महिन्यांच्या बाळाच्या नमुन्यात पुण्याच्या संस्थेला एच९एन२ हा पक्ष्यांमधला दुसरा फ्लू विषाणू सापडला. देशातला तो या विषाणूचा पहिला मानवी रुग्ण. एच९एन२ कोंबडीला सहसा मारत नाही, अंडी कमी होतात आणि थोडं नाक गळतं इतकंच. पण आठ तुकड्यांच्या वारशात अदलाबदल होते. एकाच कोंबडीत दोन विषाणू शिरले तर तुकड्यांच्या २५६ जोडण्या शक्य असतात, आणि एच९एन२ चे आतले तुकडे घेऊन नवे विषाणू घडल्याची उदाहरणं चीनमध्ये आहेत. बाजारातल्या डालग्यात चार गावांच्या कोंबड्या एकमेकींच्या अंगावर बसलेल्या असतात, तेव्हा मला नेहमी हा आकडा आठवतो.

२००६ नंतरची पिढी

जळगावचं २.२ कूळ आता भारतातून मागे पडलं आहे. २०११ पासून २.३.२.१ आलं, आणि २०२० च्या हिवाळ्यापासून एच५एन१ मध्ये २.३.४.४बी, जे पुढे जगभर पसरून अमेरिकेतल्या दुभत्या गाईंपर्यंत गेलं. २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात आणि पुन्हा एकदा नवापुरात कोंबड्या मेल्या. २०२५ च्या जानेवारीत उरणजवळच्या चिरनेरमध्ये परसातल्या कोंबड्यांत लागण निघाली, त्याच हिवाळ्यात उदगीरला कावळे मेले आणि नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. २०२४ मध्ये कोलकात्याहून ऑस्ट्रेलियात परतलेल्या एका लहान मुलीत सापडलेला विषाणू तर २.३.२.१ए कुळाचा होता, पण त्याचे काही तुकडे २.३.४.४बी चे. अदलाबदल आपल्याच भागात चालू आहे.

२००६ च्या भारतीय साथीतला एक विषाणू मात्र अजून कामावर आहे. पुण्यात कोंबडीतून वेगळा केलेला ए/चिकन/इंडिया/एनआयव्ही३३४८७/२००६ घेऊन, त्याच्या एच प्रथिनातला तो घातक अमिनो आम्लांचा भाग बदलून, लसीसाठीचं निर्धोक बीज तयार करण्यात आलं. २.२ कुळाने माणसांत डोकं वर काढलंच तर लस बनवायला हाताशी असावं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्याचं नाव आहे.

सावद्याच्या रस्त्याने आजही आठवडी बाजाराच्या दिवशी डालगी जातात. कोंबड्या घेणारा व्यापारी त्यांची पाठ दाबून वजनाचा अंदाज घेतो, तुरा बघतो, गुदद्वाराजवळची पिसं हगवणीने चिकटली आहेत का तेही बघतो. आजारी कोंबडी ओळखणारा त्या अख्ख्या रस्त्यावरचा पहिला माणूस तोच असतो, आणि त्याच्याजवळ कुठल्याही दवाखान्याचा फोन नंबर नसतो.